मावशी, पुसू नका

सत्तावीस मुलांपैकी सव्वीस पास, एक नापास. म्हणजे शहाण्णव पूर्णांक तीन टक्के. मोठ्या सरांनी हा भागाकार तीनदा करून पाहिला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

दोन वर्गखोल्या आणि मुख्याध्यापकांचं एक चिंचोळं ऑफिस, एवढीच ती प्राथमिक शाळा. पण दारावरची पाटी मात्र ठसठशीत होती : ‘चौथीचा निकाल सलग पाच वर्षे शंभर टक्के’. त्यातला ‘पाच’ हा शब्द खडूने लिहिलेला होता, म्हणजे दरवर्षी बदलायला सोपा. यंदा तिथे ‘सहा’ यायचं होतं. वरच्या साहेबांनी फोनवर तसं सुचवलंही होतं, की एवढं वर्ष जमवा, आदर्श शाळेचा मान तुमचाच.

वाचकहो, अशी पाटी तुमच्या-आमच्या मुलांच्या शाळेच्या दारावरही असेल. आपण ती वाचतो, खूश होतो आणि मुलाचं नाव घालून घरी येतो. त्या दाराच्या आत वाकून बघायला कुणाला सवड आहे?

नापास झालेल्या मुलीला शाळेत सगळे ठमी म्हणत. बाकीच्या विषयांत ती कशीबशी तरली होती. मराठीत निबंधाला वीसपैकी दोनच गुण मिळाले आणि तिथेच तिची गाडी अडली. या एका पोरीपायी पाच वर्षांच्या कष्टांवर पाणी पडणार, म्हणून सर डोकं धरून बसले असतानाच तिची आई दारात उभी राहिली. ती नाक्यावर लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. मुलीला तिने दंडाला धरून पुढे ओढलं.

“सर, हिचा दाखला द्या.”

“कसला दाखला?”

“शाळा सोडल्याचा. हिला काही डोकं नाही. अख्ख्या वर्गात ही एकटी नापास! गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवली हिने. उद्यापासून बसेल माझ्याजवळ घड्या घालत.”

खरं सांगायचं तर सरांना हायसं वाटलं. पटावरचं एक नाव कमी झालं की सव्वीसपैकी सव्वीस! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ते असं. दहा वर्षांची पोर शाळेतून कायमची जाणार होती आणि शाळेचा मुख्याध्यापक मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकत होता! सर काही दुष्ट नव्हते. त्यांनी कधी कुणा मुलावर हात उगारला नव्हता. पण टक्क्यांचं वेड लागलं की चांगल्या माणसालाही समोरचं मूल दिसेनासं होतं.

“बसा ना, बसा,” सर म्हणाले. आवाजात एकदम साखर आली. “तुमची मर्जी. मी कोण अडवणारा?”

त्यांनी दाखल्याचा कोरा फॉर्म काढला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात ‘अभ्यासात गती नाही’ असं लिहून शिक्क्यासाठी शिपाईमावशींना हाक मारली. मावशी वीस वर्षं या शाळेत होत्या. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, रोज सकाळी फळे पुसायचे, ही त्यांची कामं. त्यांनी शिक्का आणला, पण टेबलावर ठेवला नाही.

“नापास कशात झाली, ते तरी सांगा हिच्या आईला,” त्या म्हणाल्या.

“निबंधात. विषय सोडून लिहिलंय,” सरांनी गठ्ठ्यातून ठमीचा पेपर काढला. “हे बघा.”

“मला कुठे वाचता येतंय? तुम्हीच वाचा,” आई म्हणाली.

निबंधाचा विषय होता ‘माझी आई’. सरांनी चष्मा लावला आणि अडखळत वाचायला सुरुवात केली. अडखळत, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच होता.

‘माजी आई इसतरी करते. तिचा हात भाजला की ती हातावर फु करते. मग मला जवळ घेते. मी विचारते दुकते का. ती म्हनते नाही. ते खोट आहे. लोकांचे कपडे कडक असतात. आमचे कपडे चुरगळलेले आहेत.’

खाली लाल शाईत शेरा होता : ‘अशुद्ध. विषय सोडून.’

आईने आपला उजवा हात हळूच पदराखाली घेतला. सरांनी पेपर खाली ठेवला आणि उगाचच पेनचं टोपण काढलं, लावलं.

“आता पास झालेल्यांपैकी एक वाचा की,” मावशी म्हणाल्या. “पास होणं कसं असतं, तेही कळू दे या माउलीला.”

सरांनी वरचाच पेपर उचलला. अक्षर मोत्यासारखं! ते खड्या आवाजात वाचू लागले, “‘माझी आई मला फार आवडते. माझी आई म्हणजे मायेचा सागर. ती पहाटे उठून सर्वांसाठी स्वादिष्ट भोजन बनवते. आईचे उपकार मी कधी विसरणार नाही. मावशी, पुसू नका.’”

सर थांबले. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग दुसरा पेपर घेतला, मायेचा सागर, स्वादिष्ट भोजन, मावशी, पुसू नका. तिसरा घेतला. चौथा घेतला. एका मुलाची आई तो तिसरीत असतानाच वारली होती. त्याचीही आई पहाटे उठून भोजन बनवत होती आणि त्याच्याही निबंधाच्या शेवटी मावशींना पुसू नका म्हणून विनवलं होतं. सव्वीसच्या सव्वीस पेपरांत तेच, आणि सगळ्यांना वीसपैकी अठरा!

चौथीच्या बाईंना बोलावणं गेलं. पेपर पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी निबंध फळ्यावर लिहून ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “मावशी सकाळी फळा पुसतील, म्हणून खाली तेवढी सूचना लिहिली. पोरं तीही उतरवून घेतील, हे डोक्यातच आलं नाही.”

“आणि तपासताना?”

“सगळ्यांचं एकच आहे म्हटल्यावर पहिली ओळ बघून गुण देत गेले.” मग मात्र बाईंचा बांध फुटला. “तुम्हीच म्हणाला होतात ना सर, की निकाल लागला पाहिजे, कसा तो तुमचा तुम्ही बघा! तिसरी आणि चौथी दोन्ही माझ्याच गळ्यात. अकरा नोंदवह्या माझ्याकडे. आज ही माहिती पाठवा, उद्या ती पाठवा. मी शिकवू कधी आणि तपासू कधी?”

बाईंचं खोटं नव्हतं.

“बाई, तुमची ओढाताण मी रोज बघते,” मावशी म्हणाल्या. “पण सव्वीस पोरांनी मला हाक मारली आणि ती हाक आहे, हे एकालाही कळलं नाही. चार वर्षं ही लेकरं फळ्यावरच्या रेघोट्या बघून वहीत काढतायत. त्यांना वाचता येत नाही हो! मी तिशीत याच वर्गाच्या दारात बसून अक्षरं शिकले. पहिली ओळ आपली आपण वाचता आली, त्या दिवशी घळाघळा रडले होते. या पोरांच्या वाट्याला तो दिवस कधी यायचा? आणि जिला येतंय सर, नेमका तिचाच दाखला लिहायला बसलात तुम्ही!”

सरांनी ठमीकडे पाहिलं. ती आईच्या मागे सरकली.

“फळ्यावर सगळं होतं ना? मग तू का नाही उतरवून घेतलंस?”

“ती आमची आई नव्हती,” ठमी म्हणाली.

सरांची नजर समोरच्या दाखल्यावर गेली. अरेरे! जे मूल खरं शिकलं, त्यालाच आपण बाहेर काढत होतो, आणि तेही स्वतःच्या सहीने! त्यांनी दाखल्याचा फॉर्म घेतला आणि टराटरा फाडला.

“म्हणजे ही पास का?” आईने विचारलं.

“ही पासच आहे. पण बाकीच्यांचा निकाल खोटा आहे. सोमवारी सगळ्यांचा निबंध पुन्हा घेणार. हिचाही. फळा कोरा ठेवून.”

ही बातमी ऐकून आई सुखावेल असं सरांना वाटलं होतं. ती उलट घाबरली.

“म्हणजे आमच्यामुळे सगळ्यांची पोरं लटकणार! लोक मला नाक्यावर उभं तरी करतील का?” आणि ठमीला ओढत ती निघाली. व्हरांड्यातून तिचा आवाज ऐकू येत होता, “मनातलं लिहायला कुणी सांगितलं होतं तुला? चारचौघं लिहितात तसं लिहायला काय झालं होतं?”

दुपारी सरांनी निकाल रोखल्याचं वरच्या साहेबांना कळवलं.

“अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची!” साहेब फोनवर ओरडले. “ती उघडायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

आदर्श शाळेचा मान पलीकडच्या शाळेला गेला. तिथले फळे आणखी मोठे आहेत म्हणे. पालक तर भांडायलाच आले. आमचं पोर पास होतं, तुम्ही नापास केलंत, असं म्हणून एकाने पाटीवरचा ‘पाच’ बोटाने पुसून टाकला. सर ऐकून घेत राहिले. वर्षानुवर्षं आपणच या लोकांना पाटी दाखवली, आता ते पाटीच मागणार, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी परीक्षा झाली. विषय होता ‘माझे घर’. सव्वीस मुलं कोऱ्या फळ्याकडे टक लावून बसली. एकाने पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा केलं. एकीने तारीख लिहिली आणि रडायला लागली. बाई खिडकीशी, मुलांकडे पाठ करून उभ्या होत्या.

सरांना भरवसा होता तो ठमीचा. ते तिच्या बाकापाशी गेले. तिचाही कागद कोरा होता.

“तू का लिहीत नाहीस गं? तुला येतंय ना?”

“येतं,” ती म्हणाली. “पण फळ्यावर कधी येणार?”

“आज फळ्यावर काही येणार नाही. तुझं तू लिही.”

तिने मान हलवली. “नको. मनातलं लिहिलं की नापास करतात.”

सर तिच्या शेजारी बाकावर बसले. घंटा झाली तरी ठमीने एक अक्षर काढलं नव्हतं.

आता सर रोज एक तास चौथीतच राहिलेल्या या मुलांना स्वतः शिकवतात. बाईंच्या अकरांपैकी सहा नोंदवह्या त्यांनी आपल्याकडे घेतल्या आहेत. पोरांनी लिहिलेली ओळ न ओळ दोघं वाचतात, चुकलेली असली तरी आधी वाचतात आणि लाल शाई मग उघडतात. काही मुलं दोन-दोन ओळी स्वतःच्या लिहू लागली आहेत. ठमी अजून लिहीत नाही. फळ्यावर आलं तेवढं मात्र ती बिनचूक उतरवते.

वाचकहो, मूल लिहायला लागण्याआधी त्याचं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय, हे त्याला ठाऊक असावं लागतं. आज तुमचं मूल शाळेतून आलं की गुण विचारू नका. त्याची वही घ्या, शेजारी बसा आणि ती वाचा. उशीर झाला, तर ते मोत्यासारख्या अक्षरात दुसऱ्याचीच आई लिहून आणेल, आणि तुम्ही त्याला शाबासकी द्याल!