परीक्षकाची दाढ

नापासकाकांनी एकतीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून त्यांना नापास केलं. सरकारी कामच होतं ते. गाडीचं लायसन्स हवं असेल तर काकांना शेजारी बसवून गावातून एक फेरी मारायची. काकांच्या मांडीवर लाकडी फळी, फळीवर कागद. समोरचा आरशात बघायला विसरला की कागदावर पेन्सिल अशी खरकन ओढली जायची, की त्या बिचाऱ्याला पुढचं वळणही दिसेनासं व्हायचं. काकांना कागदोपत्री एक नाव होतं, पण ते फक्त बायको वापरायची. ती गेली आणि तेही बंद पडलं.

आता काकांना एकोणऐंशी पूर्ण झाली होती आणि हृदयातली एक झडप पार ढिली पडली होती. सकाळी दहाला दवाखान्यात दाखल व्हायचं, दुपारी ऑपरेशन. "शंभरातले पंच्याण्णव घरी जातात," डॉक्टर म्हणाले होते. काकांचा जीव उरलेल्या पाचांत अडकला होता. मरणाची भीती नव्हती हो, भीती होती ती मेल्यावर काय याची. लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये ते ऐकत आले होते, की शेवटी प्रभूच्या सिंहासनापुढे उभं राहायचं आणि सगळं उघड व्हायचं. बाकीची मंडळी हे ऐकून घरी जाऊन पोटभर जेवायची. काकांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. परीक्षक म्हणजे काय चीज असते, हे त्या अख्ख्या चर्चमध्ये एकट्या त्यांनाच आतून ठाऊक होतं.

मुलगी कागदपत्रं करायला दवाखान्यात पुढे गेली होती. काकांना घेऊन यायचं काम आलं चर्चच्या पास्टरबाईंवर. आणि या पास्टरबाईंना, कॉलेजात असताना, काकांनी चार वेळा नापास केलं होतं. तिसऱ्या वेळी तर बाईंनी गाडी बागेतल्या कारंज्यात घातली होती. पाचव्या वेळी काका रजेवर होते, म्हणून जमलं.

"बेल्ट लावा, काका."

"लावलाय. तू हँडब्रेक काढ."

"काढलाय की."

"मग हा जळका वास कसला?"

बाईंनी हँडब्रेक काढला.

चार चौक नीट पार पडले. पाचव्या चौकात काकांना दवाखान्याची पाटी दिसली.

"गाडी वळव."

"अं?"

"घरी ने मला. मला नाही करायचं ऑपरेशन."

"काका, अहो, असं कसं..."

"वळव म्हणतो ना! डावीकडे!"

आवाज तोच होता, फळीवाला. पंचवीस वर्षांनीही बाईंचं धाबं दणाणलं आणि त्यांनी पूर्ण आत्मविश्वासाने गाडी उजवीकडे वळवली. दोन पिवळ्या खांबांमधून गाडी आत शिरली. खाली काहीतरी खटकन बसलं, पुढचं चाक एका रुळात अडकलं आणि गाडी आपली आपणच पुढे सरकायला लागली. निळ्या डगल्यातला एक माणूस हातवारे करून इंजिन बंद करायला सांगत होता. हे गाड्या धुवायचं यंत्र आहे, हे दोघांना एकदमच कळलं. तोवर पहिला फवारा बसला होता.

काकांच्या बाजूची काच अर्धी उघडी होती.

"काच वर घे!"

"अडकलीय ती!"

"कधीपासून?"

"सहा महिने झाले!"

"आणि असल्या गाडीला तुला रस्त्यावर कुणी..." पुढचं वाक्य फेसात बुडालं.

दोन्हीकडून केसाळ ब्रश गरगरत आले. गाडीत अंधार झाला. बाईंनी बाहेरची पाटी आठवून सांगितलं, "सात मिनिटं, काका. आपण बहुतेक मेणाच्या पॉलिशसकट घेतलंय."

मग त्या खो खो हसत सुटल्या. हसता हसता त्यांचं लक्ष काकांच्या हातांकडे गेलं. दोन्ही ओल्या हातांनी त्यांनी बेल्ट छातीशी घट्ट धरून ठेवला होता.

"ऑपरेशनची भीती वाटते?"

"त्याची कशाला वाटेल? मला भूल देणार आहेत. मला भीती जाग येण्याची वाटते. तिकडे जाग आली तर?"

छतावर पाणी धडाधड कोसळत होतं. बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणूनच असेल, काका बोलायला लागले.

"एक पाववाला होता. पावाची गाडी चालवायची नोकरी मिळाली होती त्याला, फक्त लायसन्स हवं होतं. अशी गाडी चालवली पोरी त्याने, काय सांगू! आणि मी त्याला नापास केलं."

"का?"

"माझी दाढ दुखत होती."

बाईंना पुन्हा हसू फुटणार होतं, पण काकांचा चेहरा बघून ते आतच राहिलं.

"रात्रभर दुखली होती. आणि हा आला शीळ घालत. मला ती शीळ सहन झाली नाही, बस. त्याची नोकरी गेली. मला कळलं नंतर. सुधारता आलं असतं, पण मी गप्प बसलो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

"वाईट केलंत, काका," बाई म्हणाल्या.

काका 'जाऊ द्या हो, होतं असं' ऐकायच्या तयारीत होते. ही दोन शब्दांची थप्पड बसली आणि नवल म्हणजे त्यांना बरं वाटलं. काटा जिथे रुतलाय, तिथेच कुणीतरी बोट ठेवल्यासारखं.

"म्हणून घाबरतो. परीक्षक कसा असतो ते मला माहितीये. कागद स्वच्छ असला तरी त्याची दाढ दुखत असेल तर माणूस संपला. आणि माझा कागद तर हा असा."

बाईंनी चष्म्यावरचा फेस पुसला. तो आणखी पसरला.

"त्याची दाढ? काका, प्रभूला क्रुसावर खिळे ठोकले होते. अंगातलं दुखायचं काय बाकी होतं? आणि शेजारी कोण, तर चोर. तोही कसा, मला झालीय ती शिक्षा बरोबरच आहे असं स्वतः म्हणणारा. चिडायचंच असतं तर याहून चांगली वेळ कुठली होती? मग काय केलं त्याने?"

काकांना ठाऊक होतं. सत्तर वर्षं ठाऊक होतं. लहानपणी त्या गोष्टीवर त्यांना बक्षीसही मिळालं होतं. पण आजवर त्यांनी ती चोराच्या बाजूने ऐकली होती. परीक्षकाच्या बाजूने कधी ऐकलीच नव्हती.

"चोराला स्वर्गात सोबत घेऊन गेला," काका हळूच म्हणाले. "एवढं दुखत असताना."

"एवढं दुखत असताना."

मागच्या काचेवरून ब्रश सरकत गेला.

"म्हणजे न्याय होणारच नाही म्हणतेस?"

"होणार की. पाववाल्याचा विषय निघणार. निघायलाच हवा, नाहीतर त्या माणसाने काय करायचं? पण विचारणारा तो असेल, काका. तुम्ही नाही. तुम्ही स्वतःलाच त्या खुर्चीत बसवून घाबरताय."

काकांना यावर उत्तर द्यायचं होतं, पण गरम हवेचा झोत आला आणि त्यांचे उरलेले केस ताठ उभे राहिले. गाडी बाहेर आली. निळ्या डगल्यातला माणूस खिडकीत डोकावला. "आजोबा, काच लावून घ्यायची असते."

बाईंनी इंजिन सुरू केलं, पण गियर टाकला नाही. "कुठे जायचं?"

काकांनी मनगटावरच्या घड्याळाचा फेस पुसला.

"दहा वाजून गेले," ते म्हणाले. "पोर वाट बघत असेल. चल दवाखान्यात."

दवाखान्याच्या दारात मुलगी घड्याळ बघत उभी होती. बापाचा अवतार बघून ती धावतच पुढे आली.

"पप्पा! आंघोळ करून या म्हणाले होते. कपड्यांसकट नव्हे!"

तिने त्यांना बाकावर बसवलं, पिशवीतून टॉवेल काढला आणि लहान मुलाचं पुसावं तसं त्यांचं डोकं खसाखसा पुसायला लागली. काकांनी मान खाली घातली. टॉवेलच्या आतूनच त्यांनी तिला पाववाल्याचं सगळं सांगितलं. त्याचं नाव सांगितलं, जुन्या बेकरीचा पत्ता सांगितला. तिचा हात थांबला.

"हे आत्ता सांगताय?"

"आत्ताच. मी बाहेर आलो तर आपण दोघं शोधू त्याला. नाही आलो तर तू शोध, आणि सांग की तो पास होता."

मुलीने मान डोलावली. मग पुन्हा पुसायला लागली, या वेळी हळू.

"भीती वाटते, पप्पा?"

"वाटते. पण जातो."

सिस्टरने चाकांची खुर्ची आणली. काका बसले. खुर्ची वळताना भिंतीला घासली, पुढे कचऱ्याच्या डब्यालाही लागली. काकांनी मुलीचा हात धरून ठेवला आणि ढकलणाऱ्या सिस्टरला एका शब्दाने टोकलं नाही.