सहाशे आडवी पोरं

शाळेच्या ओळखपत्रांवर सहाशेच्या सहाशे पोरं आडवी झोपलेली निघाली, आणि स्टुडिओत पहिलं बोट उठलं ते भावजयीकडे.

"हिनंच फिरवलेत फोटो. तीन दिवस खुर्चीला नुसती चिकटून बसली होती," नणंद म्हणाली. या बाईच्या डोळ्यांत भावजयीचं कॉम्प्युटरवर बसणं मुळातच खुपत होतं. तिनं घर सांभाळावं, स्टुडिओ आम्ही बहीणभाऊ बघू, हे पालुपद लग्नापासूनचं.

भावजयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हो, फिरवले होते तिनंच! कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आडवा पडायचा, म्हणून मान मोडेस्तोवर बसून एकेक पोर तिनं हातानं सरळ केलं होतं. आणि काल ती जरा लवकर घरी गेली, तर तेवढ्यात वन्संनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून नवं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि एकही फोटो उघडून न बघता सगळे छापून टाकले. केवढा तो उत्साह!

तिनं माऊस ओढला. सेटिंगमध्ये सापडलंच. 'उभे फोटो आपोआप फिरवा', आणि पुढे बरोबरची खूण. फोटो उभा काढलाय, अशी नोंद कॅमेरा प्रत्येक फोटोत करून ठेवायचा. जुन्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नव्हती, नव्याला येत होती. तिनं सरळ केलेली पोरं त्या शहाण्या सॉफ्टवेअरनं पुन्हा एकदा फिरवली होती.

"आता काय बघतेस कपाळ?" नवरा गरजला. समोर मुख्याध्यापिका कार्डांचा गठ्ठा घेऊन उभ्या. त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाई, उद्यापासून ही इथं दिसणार नाही. ताईच बघेल सगळं."

नऊ वर्षांचा संसार, आणि परक्या माणसासमोर हे! त्या खुर्चीखेरीज तिची म्हणावी अशी एकही जागा नव्हती, आणि तीच चालली होती. दाखवून दिलं की तोंडं बंद होतील, असं तिला वाटलं. तिनं खूण काढली. पडद्यावर सगळी पोरं सरळ झाली.

"अरेच्चा!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माझे फोटो सरळच होते. वन्संच्या नव्या सॉफ्टवेअरनं आडवे केले."

नणंद कसली ओशाळतेय! "एका टिचकीत झालं ना? मग तीन दिवस ही काय दिवे लावत होती?"

"खरंच की," नवरा म्हणाला. "जमेल ताई तुला. उद्यापासून तूच बस."

भावजय त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग वाकून तिनं खूण परत केली, पोरं पुन्हा आडवी पाडली, सेटिंग बंद केलं आणि खुर्ची नणंदेकडे ढकलली.

"उद्या कशाला? आत्ताच बसा, वन्सं. मारा टिचकी."

नणंदेनं इथं दाबलं, तिथं दाबलं. पोरं ढिम्म.

"अगं, कुठं होतं ते?" नवरा दारात येऊन ओरडला.

भावजय तोवर रस्त्यापलीकडे पोहोचली होती. तिला नीट ऐकू आलं. ती चालत राहिली.