‘क’ची शेपटी

ड्रॉइंगमास्तरांनी चौतीस वर्षे तंत्रशाळेत रेखाचित्रे शिकवली आणि तेवढ्या काळात फळ्यावरचे एकही अक्षर पुसून पुन्हा लिहिले नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवण्याचे काम मात्र बहुतांशी त्यांनी स्वतःच केले होते.

त्यांच्या वसाहतीच्या बागेत हिवाळाभर दर रविवारी मोफत कार्यक्रम होत. आठला व्यायाम, नऊला पक्षी पाहत फेरी आणि दहाला, पायऱ्यांवर ऊन आले की, कथाकथन. फलक लिहिण्याची जबाबदारी मास्तरांची आणि गोष्टी सांगण्याची त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्कांची. अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. “जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता जरा माझं ऐका,” असे म्हणत त्यांनी या वर्षी हे काम हौसेने अंगावर घेतले होते.

पहिल्या रविवारी अकरा माणसे आली, दुसऱ्या रविवारी सात आणि तिसऱ्या रविवारी चार. त्या चारांपैकी एक झोपला होता आणि एक स्वतः मास्तर होते. पायऱ्यांसमोरच्या अंगणावर दातांच्या डॉक्टरांचा कधीपासून डोळा होता. त्यांच्या बॅडमिंटन मंडळींना जाळे बांधायला तीच जागा हवी होती. अखेर कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीच्या बाईंनी निकाल दिला, “येत्या रविवारी चाळीस माणसं जमली तर ठीक. नाहीतर दहाची वेळ बॅडमिंटनला.”

घरी जाताना अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्या चालताचालता विजेच्या खांबाशीही बोलल्या असत्या.

“अक्का, माणसं मी आणतो. शब्द देतो.”

“आण,” एवढेच उत्तर मिळाले.

त्याच दुपारी मास्तरांनी माळ्यावरून पत्र्याचे जुने स्टेन्सिल काढले. थंडीने रंग घट्ट झाला होता, तो उन्हात ठेवून पातळ केला. मग एकामागून एक चौदा फलक रंगवले आणि पट्टीने अंतर मोजून बागेच्या फाटकापासून वसाहतीच्या वळणावळणांवर लावले.

रविवारी दहाला पाच मिनिटे कमी असताना पायऱ्या भरल्या. लोक शाली, मफलर, कानटोप्या घालून दाटीवाटीने बसले. बाईंनी दोनदा मोजून सांगितले, “त्रेसष्ट.” मास्तरांची छाती स्वेटरमध्ये मावेना. अक्का घसा साफ करून उभ्या राहिल्या, तोच पहिल्या पायरीवरचे एक कारकून हातात जाडजूड फाइल घेऊन उठले.

“माझा नंबर कितवा?”

“कसला नंबर?” अक्कांनी विचारले.

“व्यथेचा. बोर्ड लागलाय ना, व्यथाकथन म्हणून? लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही, ‘वथाकथन’ लिहिलंय. पण आम्ही समजून घेतलं.”

“माझी व्यथा नळाची आहे,” मागून एक मावशी म्हणाल्या. “मी साडेनऊपासून बसलेय. आधी मी!”

मास्तर चष्मा पुसत बागेच्या फाटकावरच्या फलकाकडे धावले. पहिल्या ‘क’ची उजवी शेपटी गायब होती, उरला होता निव्वळ ‘व’. कारण त्यांना तिथल्या तिथे कळले. गेल्या वर्षीचा रंग स्टेन्सिलच्या त्या खाचेत वाळून घट्ट बसला होता. ‘हात धुण्याआधी हत्यार धुवा,’ असे ज्यांनी चौतीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावले, त्यांच्याच दिव्याखाली हा अंधार! आणि चौदाही फलकांवर! काय लिहिले आहे ते त्यांना पाठ होते, म्हणून त्यांनी ते वाचलेच नव्हते.

ते परतले तेव्हा दातांचे डॉक्टर समितीच्या बाईंपुढे आपली बाजू मांडत होते. “ही माणसं गोष्टीला आलेलीच नाहीत. मोजणी रद्द करा. माझं जाळं तयार आहे.”

“मुद्दा बरोबर आहे,” बाई संकोचाने म्हणाल्या.

मास्तरांना भूमी दुभंगावी असे वाटले. आपणच बहिणीचा रविवार घालवला! पण अक्कांच्या चेहऱ्यावर, टेलिफोनच्या बोर्डावरचे दहा दिवे एकदम लागले की जुन्या ऑपरेटरच्या चेहऱ्यावर यावी तशी तरतरी आली होती.

“थांबा सगळे!” त्या म्हणाल्या. “मी सगळ्यांच्या व्यथा ऐकते. फक्त अट एकच. व्यथा गोष्टीसारखी सांगायची. ‘मी’ म्हणायचं नाही आणि कुणाकडे बोट दाखवायचं नाही. बोला फाइलवाले.”

कारकुनांनी फाइल उघडली, मिटली, मान खाजवली. “आटपाट नगर होतं,” ते चाचरत म्हणाले. “तिथं एक माणूस राहायचा. त्याला झोप फार प्यारी. पण त्याच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, रोज पहाटे पाचला कुणीतरी सिंहासन ओढायचं. खर्रर्र!”

लोक खदखदून हसले. चौथ्या पायरीवरून एक धिप्पाड गृहस्थ उठले. ते बेकरीत कामाला होते. “पुढची गोष्ट माझ्याकडे आहे. त्या सिंहासनावर बसून एक जण बूट घालायचा. त्याचा गुडघा वाकत नव्हता. आणि नगरातल्या लोकांना सकाळी पाव तर ताजाच लागायचा!”

“अहो, मग तसं सांगायचं नाही का?” कारकून गोष्ट विसरून म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत? थेट फाइलच केलीत!”

“सिंहासनाच्या पायांना जाड कापड शिवून देते,” गर्दीतल्या एका शिंपीणबाईंनी गोष्टीचा शेवट करून टाकला.

मग मावशींच्या नळात रोज रात्री गाणारा एक गवई निघाला. तो नेमका कुठला राग आळवतो यावर बराच वाद झाला. बारा वाजले तरी कुणी हलेना. डॉक्टर जाळ्याचे गाठोडे मांडीवर घेऊन कधी बसले, हे त्यांनाही कळले नाही. शेवटी त्यांनीच हात वर केला.

“आटपाट नगरात एक दाताचा वैद्य होता. त्याच्यापुढे सगळे तोंड उघडत, पण एक शब्द बोलत नसत. तो खेळायला रॅकेट घेऊन जायचा, ते मुळात कुणाशी तरी चार शब्द बोलता यावेत म्हणून.”

मग मावशींनी जरा सरकून डॉक्टरांना आपल्या शेजारी जागा केली. “इकडे उन्हात ये बाबा.”

बाईंनी वही मिटली. “पुढच्या रविवारी गोष्टीला कोण कोण येणार?”

हात मोजायची गरज पडली नाही; डॉक्टरांनी तर दोन्ही वर केले होते.

“आता एकच राहिलाय,” अक्का भावाकडे वळून म्हणाल्या. “बोला मास्तर.”

मास्तर उठले. स्वेटर खाली ओढला. “आटपाट नगर होतं. तिथं एक मास्तर होता. त्याला वाटायचं, आपली चूक होतच नाही...” बाकीची गोष्ट त्यांनी खाचेतल्या वाळक्या रंगासह इत्थंभूत सांगितली आणि त्या दिवशीचा सर्वांत मोठा हशा मिळवला.

घरी जाताना अक्कांच्या तोंडाला खळ नव्हता. फाटकाजवळच्या फलकाशी मास्तर थबकले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“शेपटी लावतोस?”

“नाही. ‘य’ला जागा आहे का बघतोय,” मास्तर पट्टी टेकवत म्हणाले. “चूकच ठेवायची, तर निदान शुद्ध लिहून ठेवू.”