जुन्या मापाचं बूच

प्लंबरनं सांगितलेल्या दिवशी यावं, अशी अपेक्षा शहाणी माणसं ठेवतच नाहीत. "आलोच" म्हणतो आणि आठवडा काढतो. फोन केला तर "वाटेतच आहे" म्हणतो, आणि मागून त्याच्या घरचा टीव्ही ऐकू येतो. पण या भागात एक प्लंबर असा होता की तो नऊ म्हणाला की नऊला दारात हजर. लोक त्याला घड्याळकाका म्हणायचे. तोंडानं तो "काहीतरीच काय" म्हणायचा, पण मनातून त्या नावावर भलताच खूश होता.

हे वळण लावलं बाईंनी. बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. पाचवीत रोज उशिरा येणाऱ्या या पोराला त्यांनी वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि तेव्हा त्यानं जो कानाला खडा लावला तो कायमचा. आता तो बावन्न वर्षांचा, बाई अठ्ठ्याहत्तरच्या. निवृत्त होऊनही त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून खेळाच्या मैदानाच्या कमिटीत सेक्रेटरी झाल्या होत्या. भागातल्या निम्म्या घरांत त्याला काम मिळालं ते बाईंच्या शब्दावर. "त्याला बोलवा. बोलतो तसं करतो," एवढंच त्या सांगायच्या, आणि बाईंनी सांगितलं म्हणजे त्यावर कोणी काही विचारत नसे.

तर एका सोमवारी बाईंनी त्याला काम सांगितलं. मैदानाच्या मागच्या कुंपणापाशी एक नळ होता, तो काढायचा आणि पाइपाच्या तोंडाला बूच मारायचं.

"कशाला काढायचा, बाई? चांगला आहे की."

"कमिटीचा ठराव आहे," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. मैदानामागं वर्षभरात एकामागून एक अकरा तंबू उभे राहिले होते. ताडपत्री, जुने बॅनर, कुणाच्या तरी गाडीचं कव्हर, जे मिळालं त्याचे. जवळचं मोठं गोदाम बंद पडून कामं गेली, घरभाडी वाढली, आणि माणसं इथं येऊन थांबली. चालायला येणारी मंडळी कुरकुरायला लागली. कुंपणावर कपडे वाळतात, बॉल तिकडं गेला की मुलं आणायला घाबरतात. गंमत बघा, एकच गृहस्थ सकाळी तिथं ब्लँकेट देऊन यायचे आणि संध्याकाळी तक्रारीच्या कागदावर सही करायचे. ढोंगी नव्हते बिचारे, दोन्ही अगदी मनापासून करायचे. तंबूवाल्यांना हाकला, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेना, म्हणून सगळ्यांनी मिळून नळावर भागवलं. नळ गेला की माणसं आपोआप जातील. दुसरं पाणी होतं मोठ्या रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर, आणि त्या रस्त्यावरून धडधाकट माणूससुद्धा जीव मुठीत धरून जातो.

प्लंबरनं फार विचार केला नाही. काम ते काम. गुरुवारी नऊ, असं सांगितलं आणि गुरुवारी नऊला पिशवी घेऊन तो नळापाशी बसला.

नळाला एक चिंधी घट्ट बांधलेली होती आणि खाली बादली. त्यानं मोठा पाना बाहेर काढला, तेवढ्यात शेजारच्या तंबूतून एक आजी बाहेर आल्या. हातात प्लास्टिकचं स्टूल.

"आलात का बाबा? यावर बसा, गुडघे दुखतील," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले, फार गळतोय हो हा. मैदानाच्या ऑफिसात तीनदा सांगून आले. पाणी वाया जातं, मग लोक म्हणणार हीच माणसं उघडा टाकतात. म्हणून चिंधी बांधली. बादली भरली की झाडांना घालतो."

प्लंबर स्टुलावर बसला. बसायला नको होतं, पण बसला.

"तुम्ही आलात, फार बरं झालं," आजी म्हणाल्या. "आमच्यासाठी कोण येतंय?"

आता यावर माणसानं काय बोलावं, सांगा. "आजी, मी नळ उपटायला आलोय," असं म्हणायला काळीज दगडाचं लागतं, आणि याचं तर लोण्याहून मऊ. त्यानं मोठा पाना गुपचूप पिशवीत ठेवला आणि लहान काढला. वॉशर पार झिजला होता. नवा घातला. आट्यांवर टेप गुंडाळली, नळ फिरवून बघितला. एक थेंब गळेना. आजींनी चिंधी धुतली, पिळली आणि घडी करून ठेवली. तो उठला तेव्हा त्या दोन्ही हात जोडून उभ्या होत्या, आणि मार खाऊन आल्यासारखा तो घरी गेला.

दुपारी बाईंचा फोन आला. "झालं का रे?"

आणि घड्याळकाकानं आयुष्यात पहिल्यांदा धंद्यातली थाप मारली. "बाई, लाइन जुनी आहे. त्या मापाचं बूच मिळत नाहीये. सोमवारी बघतो."

बायको शेजारीच भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बूच तर पिशवीत आहे. सकाळी मीच जमिनीवरून उचलून टाकलं की आत."

"आहे," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग पुन्हा भाजीकडे वळली. तेवीस वर्षांच्या संसारात कुठं थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं.

सोमवार गेला, गुरुवार गेला, पुढचाही सोमवार गेला. प्रत्येक वेळी बूच नाही. कमिटीनं दुसरा प्लंबर शोधला. तो "उद्या येतो" म्हणाला, आणि ते अर्थातच प्लंबरचं उद्या होतं. पण त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली ती घड्याळकाकाला. वाण्याकडे, केस कापायच्या दुकानात, जो तो विचारायचा, "काय काका, घड्याळ बंद पडलं वाटतं?" तो हसायचा, पण जेवण जाईना त्याला. तीस वर्षं एकेक दिवस करून कमावलेलं नाव, आणि दोन आठवड्यांत त्याचं हसं झालं. रात्री कूस बदलताना वाटायचं, जावं उद्या आणि टाकावं मारून ते बूच एकदाचं. मग सकाळी तो वाट वाकडी करून मैदानावरून जायचा आणि नळावर हंडे भरणाऱ्या बायका बघून परत फिरायचा.

तिसऱ्या बुधवारी बाई स्वतः त्याच्या दुकानात आल्या. काठी भिंतीला टेकवून बसल्या.

"मी हार्डवेअरवाल्याकडे जाऊन आले," बाई म्हणाल्या. "माप विचारलं. त्यानं खोकं उघडून दाखवलं. शंभर तरी असतील."

तो पायाकडे बघत उभा राहिला, पाचवीतल्यासारखाच.

"माझ्या पिशवीतही आहे, बाई. पहिल्या दिवसापासून."

"मग?"

"मी काढायला गेलो, आणि त्या आजी आभार मानायला लागल्या. त्यांना वाटलं दुरुस्तीला आलोय." तो थांबला. "मग मी दुरुस्तच केला."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मला नाही म्हणायचंस. खोटं का बोललास? तेही मला?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी दुसरा माणूस आणला असता. समोर उभं राहून करून घेतलं असतं."

"घेतलंच असतं," बाई म्हणाल्या. उठून काठी घेतली. "शनिवारी अकराला सभा आहे. मला विचारणार. मी आजवर खोटं बोललेली नाही, हे तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. त्यामुळे नळ शनिवारी गेला, हे त्यानं मनाशी धरून टाकलं.

शनिवारी अकरालाच त्याला मैदानावरच्या क्लबच्या पॅन्ट्रीतलं तुंबलेलं सिंक उघडायचं होतं. ते काम महिन्यापूर्वी घेतलेलं, जाणं भागच होतं. पाण्याची लाइन बंद करून तो सिंकखालच्या कपाटात डोकं घालून आडवा झाला, आणि मधल्या दारातून शेजारच्या खोलीतली सभा सगळी ऐकू यायला लागली.

"नळाचं काय झालं?" हा आवाज फुटबॉलच्या कोचचा. सगळ्यांत जोरात तोच बोलायचा, कारण मुलांचे आईबाप त्याचाच जीव खायचे. त्याच कोचनं तंबूतल्या दोन मुलांना बूट दिले होते, हेही सांगितलं पाहिजे.

प्लंबरनं हातातलं काम थांबवलं.

"बूच मिळत नाही," बाईंचा आवाज आला. वर्गातला, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. "मी स्वतः दुकानात जाऊन आले. ते माप आता बनत नाही. बाहेरून मागवावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"काही सांगता येत नाही."

"पण तो घड्याळकाका असा कसा निघाला हो? तुम्हीच तर त्याची हमी दिली होती."

"वय झालं त्याचं," अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई म्हणाल्या. "आणि कपड्यांची तक्रार असेल तर तंबूंच्या मागं दोन खांब रोवून दोरी बांधून द्या. कुंपण मोकळं होईल. पुढचा विषय."

बाईंनी पुढचा विषय म्हटल्यावर मागचा काढायची कोणाची टाप होती? सभा गवत कापायच्या मशीनवर गेली. कपाटात आडव्या पडलेल्या प्लंबरला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, आणि हात काळे असल्यामुळे पुसताही येत नव्हतं.

सभा उठल्यावर पॅन्ट्रीत काठीचा आवाज आला. तो घाईघाईनं बाहेर निघाला. बाई ओट्याला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, आणि हातात रिकामा पेला होता.

"पाणी दे रे जरा."

"थांबा बाई, लाइन बंद आहे. चालू करतो." त्यानं वाकून कॉक उघडला, हात धुतले, पेला भरून दिला.

बाईंनी तो एका दमात संपवला. "मला नाही जमत हे," त्या हळूच म्हणाल्या.

"चांगलं जमलं, बाई."

त्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं, जणू आता बाहेर उभं करणार. मग पेला पुढं केला.

"अजून दे."