मिस्तरीनं निवडलेली कॉफीची चक्की

पंचेचाळीस हजाराची चक्की, अन् ते बी कॉफी दळाले! मी म्हणलं, "अरे फैज, तेवढ्यात तं घाटंजीत पिठाची गिरणी सुरू होईन बाप्पा." पोट्टा हसला बी नाई.

फैज पुण्याच्या कंपनीचं काम लॉकडाऊनपासून घरूनच करून राह्यलता. सकाळी सहाले त्याची पहिली मिटिंग. त्याच्या आधी त्याले कॉफी लागे, कडू जहर, अंगठ्याएवढ्या कपात. दाणे हातानं दळून दळून त्याचं मनगट धरलं, म्हणून आता विजेची चक्की घ्याची होती. भुकटी बारीक अन् एकसारखी पाह्यजे, अन् आवाज कमी. आवाजाचं तं सून नाजियानं बजावूनच ठेवलं होतं. बाजूच्याच खोलीत सहा महिन्यांची फरहा झोपे. ती एकदा उठली की मंग दिवसभर कोणाची धडगत नाई.

"अब्बा, तुम्हीच चला निवडाले," फैज म्हणे. "आवाजाची पारख तुमच्यासारखी कोणाले आहे?"

झालं! आली का पंचाईत?

मी जफर मिस्तरी. जिनिंगमंदी हयात गेली माही. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनीत रोलर राह्यते, त्याले लागून पोलादी पट्टी राह्यते. दोघांतली फट केसभर चुकली की सरकी फुटते. बाकीचे मिस्तरी फटीत कागद घालून पाह्यत. मी दारात उभा राहून नुसतं ऐको अन् सांगो, तिसऱ्या मशिनीची पट्टी सैल आहे. पार मारेगावचे शेठ मले न्याले गाडी पाठवत. घमेंड होती मले, खोटं कायले बोलू?

पण ते पहिले. त्याच मशिनींनं माहे कान खाल्ले. तीन वर्षांपासून बारीक, चिरका आवाज मले येतच नाई. जाड आवाजाचा माणूस समोर तोंड करून बोलला तं समजते. हे मी कोणालेच सांगतलं नव्हतं, सुग्राबीले बी नाई. ती बोलली की "हो" म्हणाचं अन् भांडली की चूप बसाचं. लग्न झाल्यापासून हेच करत आलो, म्हणून तिले फरक कळला नाई.

सांगून करू काय? बोंडअळी आली, कापूस गेला, अन् त्याच्या मांगं आमच्या इकडच्या जिनिंगी एकेक करून बंद पडल्या. किसनराव शेठची तेवढी चालू. बहिरा मिस्तरी कोण ठेवीन? घरी बसून माशा मारू का?

अन् एक गोष्ट तं मी सोताले बी सांगत नव्हतो. मागच्या हंगामात फुलचंद रोलरमंदी अडकलेला कापूस हातानं काढून राह्यलता. तांड्यावरचा माणूस, वीस वर्षांचा माहा जोडीदार. "थांबा" म्हणून ओरडला म्हणते तो. मले ऐकू आलं नाई, मी बटन दाबलं. त्याचं नख गेलं, बोट वाचलं. वरून मीच त्याच्यावर खेकसलो, "तोंडात गुटखा भरला होता का बे?" यंदाचा हंगाम सोमवारी सुरू होणार होता, अन् बटन माह्याच हाती राहणार होतं.

तं शुक्रवारी आम्ही यवतमाळले गेलो. तिथं धर्मपाल नावाच्या पोट्ट्याचं कॉफीचं दुकान लॉकडाऊनमंदी बसलं होतं, अन् त्याच्याजवळ दोन विदेशी चक्क्या विकाले होत्या. टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. एक काळी, एक चांदीवानी. काळीच्या आतमंदी दातेरी सुळका होता, चांदीवालीत दोन चपट्या तबकड्या. वर एक चकती, ते फिरवली की फट कमी-जास्त होते. मी म्हणलं, वा रे वा, हे तं आपलंच काम आहे!

"चाचा, मोठे मिस्तरी म्हणते तुम्हाले," धर्मपाल म्हणे. "पाहा मंग."

मी डोळे मिटले. जिनिंगमंदी मिटो तसेच.

पहिले काळी लावली. खालून घुरघुर आली, म्हैस रवंथ करते तशी. मंग चांदीवाली लावली. मी वाट पाह्यली. काईच नाई! हात ठेवला तं आंग मात्र थरथरून राह्यलं होतं तिचं. भुकटी चिमटीत घासून पाह्यली, मैदा झक मारीन अशी.

"हेच घे," मी म्हणलं. "आवाजच नाई हिले."

डोळे उघडले तं धर्मपाल फैजकडं पाहून राह्यलता, अन् फैज माह्याकडं.

"अब्बा, आणखीन एकदा पाह्यता का?"

"एकदा पाह्यलं ना! मिस्तरी तू का मी?"

फैजनं पैसे देल्ले. घरी येईलोक तो काई बोलला नाई. मले वाटलं, पैशाचं दुखून राह्यलं असंन.

शनिवारी सकाळी मी झोळीजवळ बसून दोरी हालवत होतो. फरहा आताच झोपली होती, मूठ गालाखाली. दारातून पाह्यलं तं तिकडं फैज ओट्यापाशी चक्की मांडून उभा होता, पाठ माह्याकडं. मी मनात म्हणलं, लाव ना बाप्पा, कायची वाट पाह्यतं?

अन् फरहाचं आंग ताठ झालं. तोंड हे एवढं उघडलं, चेहरा लालबुंद. सुग्राबी कानावर हात ठेवून धावत आली. नाजिया आली, तिनं लेकरू उचललं. मी विचारलं, "काय चावलं इले?"

फैजनं चक्कीचं बटन बंद केलं. तेव्हा मले समजलं का ती चालू होती.

फैज माह्यासमोर येऊन बसला, तोंडासमोर तोंड. "अब्बा, कधीपासून?"

"तुले कालच समजलं होतं ना? मंग घेतली कायले?"

"धर्मपालसमोर काय बोलू मी?"

मले लय राग आला, अन् राग काढाले मी सोडून कोणी नव्हतं. तीन वर्षं मी नोकरी वाचवत होतो, अन् फुलचंद रोलरमंदी हात घालत होता. शरमेनं मेल्यासारखं झालं.

"किसनरावले फोन लाव," मी म्हणलं.

लावला. मी एका दमात बोललो, "शेठ, मी जफर. मले ऐकू येत नाई. मागच्या साली फुलचंदचं नख माह्यामुळं गेलं, चुकी त्याची नव्हती. बटनावर मले ठेवू नका." तिकडून शेठ बोलले. खूप बोलले वाटते, पण माह्या कानात नुसतं किरकिर झालं. फोन मी फैजच्या हाती देल्ला.

तो ऐकत राह्यला. त्याचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून म्हणे, "शेठ म्हणते, आराम करा थोडे दिवस."

"फैज, तोंड पाहूनच बोलणं समजते मले आता. खरं सांग."

"नवीन मिस्तरी पाह्यतो म्हणते. तुम्ही येऊ नका म्हणते."

डोळे भरून आले, लपवू कायले? दुपट्ट्यानं पुसले.

"बरं," मी म्हणलं. "पुन्हा लाव फोन. शेठले म्हण, त्या नव्या मिस्तरीले सांगा. फुलचंद मशिनीत हात घालीन, त्याच्या आधी तिचा फ्यूज काढाचा, अन् फुलचंदच्याच खिशात ठेवाचा."