जनान्यातला निकाह

आमच्या हैदराबादेत वरात वेळेवर आली तर लोक विचारतील, कुणी गेलं का? पण सज्जादची वरात इतकी रखडली की पोरं भुकेनं रडायला लागली. शेवटी मोइज़भाईंनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांनी, आपल्या पाहुण्यांना आधीच जेवायला बसवलं. तिथेच माशी शिंकली.

आम्ही बायका मागच्या हॉलमध्ये. मर्दान्यातलं आम्हाला दिसावं म्हणून व्हिडिओवाल्या यादगिरीनं आपल्या कॉम्प्युटरपासून गच्चीवरून लांबलचक केबली ओढून चार टीव्ही लावले होते. चारींवर एकच चित्र. माझी भाची तहनियत, आजची नवरी, टीव्हीवरून नजर हलवत नव्हती. तिचं एकदा ठरून मोडलेलं. मोइज़भाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "हेही मोडलं तर पुन्हा कुणी दारात उभा राहणार नाही." बापाच्या जिभेला हाड म्हणून नाही!

काज़ीचे लोक येऊन तिचा होकार घेऊन गेले. आता फक्त नवऱ्यानं कबूल म्हणायचं बाकी होतं.

पलीकडे काय झालं ते यादगिरीनं मला नंतर सांगितलं. सज्जादच्या बापाला जेवणाच्या हॉलमध्ये उष्टी ताटं दिसली.

"आम्ही यायच्या आधीच पंगती? आम्ही काय उष्टं खायला आलोय?"

"भाईसाहेब, पोरं भुकेली होती..."

"मग त्या पोरांतूनच जावई निवडा!"

बाप चालता झाला आणि सज्जाद त्याच्यामागे; कॅमेरा तेव्हा काज़ीच्या वहीवर होता, म्हणून आम्हाला ते दिसलं नाही. त्या ठोंब्यानं तोंडातून एक शब्द काढला असेल तर शपथ.

मोइज़भाई धावले, पण आधी यादगिरीकडे. "बायकांचे टीव्ही बंद करू नकोस, बोंबाबोंब होईल. मागे केलेल्या कुठल्या लग्नाचं शूटिंग आहे ना तुझ्याकडे? ते लाव."

"साहेब, तो दुसऱ्याचा नवरदेव आहे."

"सेहऱ्यात कोण ओळखतंय? आवाज बंद ठेव. मी यांच्या पाया पडून परत आणतोच."

आम्हाला काय दिसलं? छातीपर्यंत फुलांनी झाकलेला नवरदेव, त्याची हलणारी मान, उधळलेले खजूर. झालं, एकच गलका. "मुबारक! मुबारक!" मी तहनियतच्या तोंडात साखर कोंबली.

"खाला, झालं ना? खरंच झालं ना?"

"रडतेस काय, बावळट! चार-चार टीव्ही खोटं बोलतील का?"

तेवढ्यात सज्जादच्या आईचा फोन वाजला. तिनं कोपऱ्यात जाऊन ऐकलं आणि टीव्हीकडे पाहिलं. तिथे माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. बाई हसली. तिला सगळं उमगलं होतं. लोकांच्या मुबारक घेत, सावकाश, ती स्टेजवर आली.

निकाहानंतर सासूनं काळ्या पोतीचा लच्छा गळ्यात घालायचा असतो. तहनियतनं ओढणी सारली आणि मान वाकवली.

"घाला, समधन," माझी बहीण डोळे पुसत म्हणाली, "तुमचीच आहे आता ती."

बाईनं हात घातला तो आपल्याकडून चढवलेल्या हाराला. हार सोडवला. मग झुमके, मग नथ. वेडी पोर, तिला वाटलं लच्छ्यासोबत आणखी काही नवं घालणार असतील, म्हणून बांगड्यांसाठी तिनं स्वतःच हात पुढे केले. त्याही निघाल्या. सगळं पर्समध्ये गेलं.

"समधन, हे काय?"

"माझा मुलगा कधीच गाडीत बसलाय. तुमच्या मियाँनी टीव्हीत लावलाय ना, तोच जावई घेऊन जा घरी."

बाई निघून गेली, आणि तिच्यामागे तिच्याकडच्या सगळ्याजणी. टीव्हीत कुणीतरी नवरदेवाचा सेहरा फोटोसाठी वर केला. चारही टीव्हींवर एक अनोळखी, ढेरपोट्या माणूस दात काढून हसत होता. ते बघून आमच्याच बाजूची कुणी सटवी फिसकन हसली. मला कळली असती तर तिची जीभ हासडली असती.

तहनियतची मान अजून वाकलेलीच होती.

"खाला," ती हळू म्हणाली, "मी तर हो म्हणून बसले गं."