नापास गाद्या

गादीवाल्याची गादी तपासायची रीत साधी होती. नवी गादी भरून झाली की दुपारच्या जेवणानंतर तो तिच्यावर आडवा व्हायचा. झोप लागली तर गादी पास. नाही लागली तर उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायची. कामाच्या वेळेत घोरायचं आणि वर त्यालाच काम म्हणायचं, असा धंदा भल्याभल्यांना सुचत नाही.

मग एकदा माळ्यावरून कापसाचा गठ्ठा उतरवताना तो शिडीवरून घसरला. गठ्ठा सुखरूप पडला. हा पडला शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर. जन्मभर मऊ भरलं आणि डोकं आपटलं ते लोखंडावर.

जखम भरली, पण तेव्हापासून एकही गादी पास होईना.

"डोळ्याला डोळा लागला नाही," तो उठून म्हणायचा. "उसव."

"अहो, घोरत होतात!" बायको म्हणायची. "समोरचा न्हावी विचारून गेला, नवं मशीन घेतलंत का म्हणून."

"नुसते डोळे मिटले होते. सगळं ऐकू येत होतं मला."

डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसला की काहींचं असं होतं. माणूस झोपतो, पण झोपलो होतो हे त्याला पटत नाही. सावरेल हळूहळू. गादीवाल्याने मान डोलावली आणि घरी येऊन डॉक्टरांच्या पलंगावरची गादी किती भिकार होती ते बायकोला सांगितलं.

टाके घालायचं काम बायकोचं. आपलेच टाके ती रोज आपल्याच हाताने उसवत होती. गिऱ्हाइकं वाट बघून दुसरीकडे गेली. उरली एकच गादी, मेहुण्याच्या लेकीच्या संसाराची.

"दाजी, सावकाश होऊ द्या," मेहुणा दारातूनच म्हणाला. "नातवंडं झाली की नेतो." मग बहिणीकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, हीसुद्धा उसवलीत ना, तर दुकानाला कुलूप घाल."

त्या दुपारी गादीवाला गादीवर पडला. घोरणं सुरू झालं तशी बायकोने दाभण घेतलं आणि त्याचा सदरा गादीला शिवून टाकला. आधी बाही, मग खालची कड. टाके चांगले पक्के, गिऱ्हाइकाच्या गादीला घालावेत तसे.

त्याला जाग आली. "छे! आजही नाही. उसव," म्हणत तो उठायला गेला, तर गादीही त्याच्याबरोबर उठू लागली.

"सगळं ऐकू येत होतं ना?" बायको म्हणाली. "मग हे कोणी शिवलं?"

ती हसायच्या बेतात होती. तो हसला नाही. टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.

"म्हणजे झोपलो होतो."

"तेच तर कधीची सांगतेय!"

"मग ती झोप मला का मिळत नाही गं? तुला ऐकू येते, न्हाव्याला ऐकू येते. मीच तेवढा जागा."

बायकोला जिंकलेलं भांडण कडू लागत होतं. तिने सदऱ्याचे टाके कापले.

"गादीचे राहू दे," तो म्हणाला. "तू पड. यापुढे तू तपासायचं."

"मला नाही बाई दुपारची झोप..."

पुढचं बोलायच्या आत ती झोपलीसुद्धा. इतक्या दिवसांचं उसवणं अंगात मुरलं होतं. तो स्टुलावर बसला आणि बंद दुकानाच्या काचेतून आतला माल बघावा, तशी तिची झोप बघत राहिला.

ती दचकून उठली. "लागली होती का हो?"

"लागली होती. गादी पास." त्याने स्टूल जवळ ओढलं. "कशी होती गं झोप?"

छान होती, असं तिला म्हणवेना.

"बरी होती," ती म्हणाली आणि गादी गुंडाळायला लागली.